क्योतोच्या व्याह्यांना दिलेली गोळी

तोमिए-सानच्या तोंडाला कुलूप लावील असा माणूस ओसाकात अजून जन्माला यायचाय. हे मी म्हणतेय, आणि मीही काही गरीब गाय नाही, गल्लीत कुणालाही विचारा. तेन्जिनबाशीच्या बाजारामागे माझं केस कापायचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून तिचं कोरोक्के तळायचं. उकडलेल्या बटाट्याचे ते वडे घ्यायला सकाळपासून गिऱ्हाईक उभं असतं आणि ही कढईतला झारा हातात धरून प्रत्येकाच्या घरची चौकशी करत असते. गिऱ्हाइकाची सासू, गिऱ्हाइकाचा गुडघा, गिऱ्हाइकाचं मांजर. वडे करपले तर म्हणते, आज जरा खमंग झालेत.

तिचे ते घट्ट कुरळे केस, जांभळी झाक मारणारे, माझ्याच हातचे. तीस वर्षं मी तिचं डोकं धुतेय. तिचं वजन, तिचं वय, तिने वयात चोरलेली वर्षं, सगळं मला ठाऊक. निदान मला तसं वाटत होतं.

आता गोळ्यांचं सांगते. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या पिशवीत खाऊच्या गोळ्या असतात आणि आम्ही त्यांना लाडाने ‘आमेचान’ म्हणतो, शेजारणीच्या पोराला हाक मारावी तसं. बसथांब्यावर कुणी खोकलं, दे गोळी. कुणाचं पोर रडलं, दे गोळी. पण बाकीच्या आम्ही साध्या कडक गोळ्या ठेवणाऱ्या. तोमिए-सान त्यांच्याकडे बघून नाक मुरडायची. तिला लागायच्या त्या फळांच्या चवीच्या मऊ, चघळायच्या. वरून पांढऱ्या, चावलं की आतून रंगीत. द्राक्ष, पीच, हिरवं सफरचंद. तळणाच्या एप्रनला तिने एक वेगळा खिसाच शिवून घेतला होता त्यांच्यासाठी.

त्यामागे तिचं शास्त्र होतं. मागे मासेवाला इवाता आणि समोरचा सायकलवाला दुकानापुढच्या हातभर जागेवरून असे काही भांडले की आता हातघाईवर येतात असं वाटलं. तोमिए-सान शांतपणे दोघांच्या मधे गेली आणि दोघांच्या उघड्या तोंडात एकेक गोळी टाकून मोकळी झाली. झालं. अशी गोळी तोंडात असली की शिव्या देता येत नाहीत, नुसता चपचप आवाज येतो. बरं, काढून टाकावी, तर चारचौघांत तोंडातलं बाहेर काढणं आमच्याकडे शर्ट काढण्याइतकं लाजिरवाणं. शेवटपर्यंत चघळायचीच. तेवढ्यात राग निम्मा उतरतो. इवाता शेवटी कुरकुरला की याला पीच दिलीस आणि मला सफरचंद का.

अशी ही बाई. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगी नुकती चालायला लागली होती. तिला पाठीशी बांधून तोमिए-सान कढईपुढे उभी राहिली ती आजतागायत उभीच आहे. आणि मुलगी, चिहारु, निघाली अगदी उलट. विचारलं तेवढंच बोलणार, हसताना तोंडावर हात. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते, म्हणजे तिथेही सगळ्यांना गप्प बसवायचंच काम. आई रस्त्यात अनोळखी माणसाला गोळी द्यायला लागली की ही चार पावलं मागे राहायची.

चार वर्षांपूर्वी तिचं एक जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलाची आई एकदा न सांगता वडे घ्यायला येऊन गेली, तोमिए-सानने तिला न ओळखता तिच्या केसांवर एक विनोद केला, आणि आठवड्याने तिकडून नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही. चिहारुने आईला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच तोमिए-सानला जास्त लागलं. माझ्या खुर्चीत बसून ती म्हणाली होती, “रित्सुको-सान, भांडली असती तर बरं झालं असतं गं.” त्या दिवशी मी तिचे केस नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. दुसरं काय करणार होते?

आणि आता केईगो. चिहारुच्याच शाळेत गणित शिकवतो, मुलगा गुणी, पण घर क्योतोचं. तिथल्या एका देवळाजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचं धूप-उदबत्त्यांचं दुकान. ऐकल्या ऐकल्या मीच हबकले, तर तोमिए-सानचं काय झालं असेल! क्योतोचे लोक वाईट नाहीत हो, पण त्यांचं बोलणं म्हणजे सोवळ्यातलं. ‘तुमची मुलगी पियानो छान वाजवते’ म्हणाले की समजायचं, आवाज बंद करा. कौतुक झालं की आम्ही ओसाकाचे लोक आधी घाबरतो.

केईगोचे वडील ओकुनो-सान म्हणाले, आम्हीच तुमच्या घरी येऊन रीतसर मागणी घालू. चिहारुने आईपुढे हात जोडले. म्हणाली, फक्त एक दिवस, आई. विनोद नको, गुडघ्यांची चौकशी नको आणि गोळ्या तर नकोच. एप्रन काढून घेतला, कपाटातल्या गोळ्यांची पाकिटं माझ्या दुकानात आणून ठेवली. तोमिए-सानने सगळ्याला मान डोलावली. तिच्याकडे माणूस कुणी नाही म्हणून लांबची आतेबहीण असल्याचं सांगून मी बसायचं ठरलं. मला म्हणे, तूही जरा तोंड सांभाळ. सांगितलं कुणी, तर तोमिए-सानने!

त्या रविवारी मी तिचे केस शक्य तेवढे सपाट केले, राखाडी किमोनो नेसवला. आरशात बघून ती म्हणाली, कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखी दिसतेय. पण पाहुणे आले तेव्हा अशी वाकली, अशी हळू बोलली की मी बघतच राहिले. ओकुनो-सान उंच, शिडशिडीत, पांढरे केस व्यवस्थित मागे वळवलेले. बायको फुलासारखी नाजूक. सगळे गुडघे दुमडून गाद्यांवर बसलो. चहा आला. मग ओकुनो-सान सरसावून बसले, दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि त्यांनी घसा खाकरला. आता तेवढं एक वाक्य यायचं बाकी होतं.

त्या शांततेत तोमिए-सानचा धीर सुटला. पुढे कित्येकदा तिने मला सांगितलं की हात माझा नव्हता. किमोनोच्या बाहीत तिने एक गोळी लपवून आणली होती, नुसती जवळ असावी म्हणून. ओकुनो-सानचा खाकरलेला घसा तिने ऐकला आणि सोललेली गोळी त्यांच्यापुढे धरली. “घसा कोरडा पडलाय तुमचा. द्राक्षाची आहे.”

कागदातली असती तर त्यांनी नमस्कार करून खिशात टाकली असती. सोललेली गोळी कुठे ठेवणार? आणि होणाऱ्या विहिणीने हातात दिलेलं क्योतोचा माणूस नाकारणार कसा? त्यांनी वाकून घेतली आणि तोंडात टाकली. चिहारुने आईकडे असं पाहिलं की माझ्या हातातला चहा थंड झाला.

त्यांनी दोनदा चावलं. तिसऱ्यांदा जबडा हलला तो तिथेच थांबला. ओठ घट्ट मिटले. आम्ही वाट बघतोय, केईगो वाट बघतोय, आणि ओकुनो-सान मूग गिळून बसल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघताहेत. कपाळावर घाम.

त्यांची बायको घाबरून बोलायला लागली. तुमची गल्ली किती जिवंत आहे म्हणाली. माझ्या मनाने लगेच उलटा अर्थ लावला, म्हणजे गोंगाट फार. घरातसुद्धा वड्यांचा किती छान वास येतो म्हणाली. म्हणजे घराला तेलकट वास मारतो. चिहारु किती मोकळ्या वातावरणात वाढली. झालं, म्हणजे वळण नाही. एकेका कौतुकाने चिहारुची मान खाली जात होती. शेवटी तिने मांडीवरचा रुमाल घडी करायला घेतला, पुन्हा पुन्हा तोच. ही पोर आता उठून जाईल आणि पुन्हा कधी कुणाचं नाव काढणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं. केईगोने “बाबा?” म्हणून हाक मारली. बाबांनी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. चिहारुने मात्र नाही असंच धरलं. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

मी तोमिए-सानला कोपराने ढोसलं. काहीतरी बोल ना, एरवी तर थांबत नाहीस. पण ती ओकुनो-सानच्या गालाकडे टक लावून बघत होती. आत जीभ कुठे फिरते, ओठ का मिटलेत, ते बघत होती. मग तिने चेहरा वाकडा केला.

“अगंबाई,” ती म्हणाली, “मेली ही गोळी. माझी कवळी घेऊन आली बघा.”

आणि चारचौघांत, क्योतोच्या व्याह्यांसमोर, त्या राखाडी किमोनोतल्या बाईने तोंडात अंगठा घालून वरची आख्खी कवळी काढली आणि चहाच्या बशीत ठेवली. गुलाबी हिरड्या आणि सगळे दात. तीस वर्षं हे डोकं धुतेय मी! कवळी? तोमिए-सानला? खुर्चीत मान मागे टाकून हसताना मी किती वेळा बघितलं असेल ते तोंड. मला कधी शंकासुद्धा आली नव्हती, इतकी जपून होती ती.

वरचा ओठ आत गेला होता, एका क्षणात ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली. तशीच ती बोळक्या तोंडाने ओकुनो-सानकडे बघून हसली.

ओकुनो-सान हलले. त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड भिंतीकडे केलं, थोडी खटपट केली, आणि वळले ते रुमालाची पुरचुंडी मुठीत धरून. तेही बोळकेच. त्यांच्या बायकोने “अहो, गोळीमुळे होय!” म्हटलं आणि तिला असं हसू आलं की तिला चटईवर हात टेकावा लागला. म्हणाली, मला वाटलं तुमचं मन फिरलं, मी भीतीने वाट्टेल ते बडबडत सुटले, त्या वड्यांच्या वासाने तर खरंच भूक लागलीय मला. म्हणजे कौतुक ते कौतुकच होतं, बाई. आम्हीच शहाणे.

मग ओकुनो-सान पुन्हा सरसावून बसले. तळवे टेकले. दात नसल्यामुळे अर्धे शब्द हवेतच जात होते, पण वाक्य पूर्ण झालं. “तुमच्या चिहारुला आमच्या घरात द्या.” तोमिए-सान तशीच वाकली आणि तशाच शब्दांत हो म्हणाली. गल्लीत एवढं गंभीर बोलणं इतक्या बोबड्या तोंडांनी कधी झालं नसेल. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

पाहुण्यांना कढईतले गरम वडे खायला घालून, बांधून देऊन, केईगोबरोबर स्टेशनकडे रवाना केलं. ओकुनो-सान जाताना दातांसकट व्यवस्थित होते. मी कपबशा आवरायला आत गेले आणि तोमिए-सानला हळूच म्हटलं, “काय गं, तुझीही नेमकी त्याच वेळी निघाली?”

तोंडावर बाही धरून ती म्हणाली, “मी गोळी खाल्ली तरी होती का? एकच होती माझ्याकडे, ती त्यांना दिली.” मग बाही आणखी वर ओढून, “कवळी बसवल्यापासून मला ती खाताच येत नाही, रित्सुको. त्यांचा गाल पाहिला आणि मला कळलं. एकट्याने ते काढायचं म्हणजे माणूस लाजेने मेला असता. आणि माझ्या पोरीचं...” ती बशी शोधायला लागली. “कुठे ठेवली मेली?”

बशी जागेवर नव्हती. मोरीपाशी पाणी वाहत होतं. चिहारु तिथे पाठमोरी उभी होती, आणि आमचं सगळं बोलणं तिने ऐकलेलं होतं. कवळी तिने स्वच्छ धुतली होती, पुसली होती. ती आली, आईपुढे गुडघ्यांवर बसली आणि मान लववून तिने ती दोन्ही हातांनी आईला दिली. लग्नाच्या घरात मानाची वस्तू देतात, तशी.

तोमिए-सानने घेतली. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तू जरा तिकडे तोंड कर.”