झिंग्याच्या पोटावरचा दुसरा पत्रा

ते पत्रक मीच लिहिलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको. मथळा होता, ‘आमच्या तलावात समुद्र कशाला?’ शेवटी प्रश्नचिन्ह, आणि ते पुरलं नाही म्हणून तीन उद्गारचिन्हं.

पांढरकवड्याच्या पुढे आमचं गाव. गावचा तलाव मासेमारी करणाऱ्या बायकांच्या संस्थेकडे. त्यांनी रोहू-कटल्यासोबत झिंग्याचंही बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं होतं. काही महिन्यांनी तलावाच्या पाळीवर मला दोन गोष्टी दिसल्या. एक थर्माकोलचं खोकं, त्यावर झिंग्याचं चित्र आणि नाव छापलेलं: पिनियस व्हॅनामेई. मोबाइलवर शोधलं, तर निघाला समुद्रातला. शेजारीच मिठाची पोती. झालं! समुद्री झिंगा, म्हणजे खारं पाणी, म्हणजे या तलावात मीठ ओतणार. तेच पाणी गुरं पिणार, तेच पऱ्हाटीला, तेच तुरीला. रक्त उसळलं. संध्याकाळपर्यंत बस थांब्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत पत्रकं चिकटली.

गावानं ती वाचली. ग्रामसभेत विषय लागला, तलाव संस्थेकडून काढून घ्यायचा. मी खूश होते, खोटं कशाला बोलू? पत्रकानं काम केलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी संस्थेच्या अध्यक्ष दारात उभ्या. सगळं गाव त्यांना काकू म्हणतं. हातात बादली.

“काहून वं, पाणी चाखलं व्हतं का तू?”

“नाही.”

“मीठ कायले आणलं ते इचारलं?”

“नाही.”

“बारीक मासोळी वाळवाले. आन् ते खोकं जुनं व्हतं. बीजवाल्यानं आमचं बीज त्यात भरून देल्लं. तुह्या घरी युरियाच्या पोत्यात काय हाय?”

“तूर.”

“मंग मी छापू, का हे लोकं युरियाचं वरण खातेत म्हणून?”

माझी आई आतल्या खोलीतून हसली. मी हट्टानं म्हटलं, “काकू, पाणी आज गोडं आहे. पण झिंगा जर खाऱ्यातला असला, तर उद्या मीठ लागेलच.”

त्यांनी बादली माझ्यापुढे सरकवली. आत निळ्या लांब नांग्यांचा झिंगा पाठ टेकून बसला होता. “हा घे. खाऱ्यातला हाय का गोड्यातला, उद्या सभेत सांग. आमचा तलाव गेला तं पंधरा घरायच्या चुली तुह्या कागदानं इझल्या समज.”

बादली मांडीवर घेऊन मी एसटीनं माझ्या जुन्या कॉलेजात गेले. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी झिंगा उचलला, आडवा धरला आणि मला विचारलं, “घराच्या छपरावर टिनाचे पत्रे कसे चढवतात?”

“एकावर एक. ओळीनं.”

“समुद्री पिनियसच्या पोटावर कवचाचे पत्रे तसेच असतात. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. आता याचा दुसरा पत्रा बघ.”

बघितला. दुसरा पत्रा पुढच्यावरही चढलेला, मागच्यावरही. दोन्हीकडून वर! एवढी साधी खूण, आणि मी तिकडे खोकं वाचत बसले होते. याचं नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. गोड्या पाण्यात वाढणारा. मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते, पिनियस ती पाण्यात सोडून देते. आणि वर्गीकरणात हा बांधावरच्या खेकड्याच्या जवळ, समुद्री झिंग्यापासून लांब! मी टेबलावर हातच मारला. आमच्या सगळ्या कागदांवर दोघांना एकच शब्द, ‘झिंगा’. संताप येतो. एवढ्या वेगळ्या दोन जिवांना एकाच ओळीत कोंबायचं, मग माझ्यासारख्यांनी त्यावर आग लावायची.

“एक मात्र आहे,” मॅडम म्हणाल्या. “याच्या पिलांना सुरुवातीला निमखारं पाणी लागतं. ते बीज तयार करतात तिथेच. तुमच्याकडे येतं तोवर ते गोड्यात रुळलेलं असतं.”

परतीच्या बसमध्ये हेच वाक्य टोचत राहिलं. पत्रकाचा पहिला धडा, समोरच्याच्या हातात दगड देऊ नये. हे गाळलं तर कोणाला कळणार होतं? पण पहिलं खोटं मी घाईत छापलं होतं. हे ठरवून झालं असतं.

सभेत उभी राहिले. बुद्धविहारातला फळा मागून आणला होता. दोन्ही झिंगे काढले, पत्रे दाखवले. “माझं पत्रक चूक होतं,” म्हटलं. मग पिलांचंही सांगितलं.

पुढच्या रांगेतले एक काका, गुरंवाले, ताडकन उठले. “म्हंजे खारं लागतेच ना बाप्पा!”

“लागतं, पण जन्मतो तिथं. इथं नाही.”

“तुह्यावर इस्वास काहून ठेवाचा? मांगच्या हप्त्यात तूच बोंबलत व्हती!”

खरं होतं. मी फळ्यापासून पुढे येऊन बादली त्यांच्यासमोर ठेवली. “माझ्यावर ठेवू नका. दुसरा पत्रा बोटानं तपासा.”

काकांनी झिंगा धरला, नखानं कड उचलून पाहिली. पुढून. मागून. मग बायकांकडे वळले. “दोन्हीकून वरच हाय बाप्पा.”

“अंडी पोटाशी धरून हिंडते याची मादी,” मागून काकू म्हणाल्या. “आमी रोज पाह्यतो. आमाले कोनं इचारलं का?”

कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. मी दुसऱ्या प्रकारातली. झिंगा हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तलाव संस्थेकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी नवी पत्रकं घेऊन निघाले, मथळ्याच्या जागी दोन झिंग्यांचं मोठं चित्र. खळीची बादली काकूंनी धरली. गिरणीच्या भिंतीपाशी त्या थबकल्या. “हे तीन दांडे काहून दिसून राह्यले?”

“जुन्या पत्रकाची उद्गारचिन्हं आहेत, काकू.”

“झाक मंग.”

मी अजून एक पत्रक चिकटवलं. काकूंनी त्यावरून तळहात फिरवला आणि बादली उचलली.