सवडीची जागा

मंडळावर मी कशी आले हे सांगितलं तर मंडळाचा मान जरा कमी होईल, पण सांगते. सभासदांत एक तरी बाई असावी, असा नियम होता. त्या काळी चांद्यात मॅट्रिक झालेल्या बायका थोड्याच, आणि त्यांतही जिचा नवरा अध्यक्षांचे दावे चालवतो अशी मी एकटीच. झाले सभासद.

खेड्यापाड्यांत समाजकल्याणाचं काम करणाऱ्या ग्रामसेविकांवर आमच्या मंडळानं देखरेख ठेवायची, आणि एखादीची वर्तणूक बरी नसली तर तिला कामावरून काढायचं. काढण्याचं काम सभासदांना मनापासून आवडत असे. अध्यक्ष जुने मालगुजार, म्हणजे गावांचे जमीनदार होते. सरकारनं मालगुजारी काढून घेतल्यावर त्यांना बसायला काहीतरी उंच हवं होतं, ते या खुर्चीनं मिळालं. यजमानांचे स्नेही म्हणून ते मला वहिनी म्हणत आणि मी त्यांना भाऊसाहेब. सभेत माझं काम बहुधा चहा सगळ्यांना पोचला का ते पाहण्याचं असे.

एका हिवाळ्यात मंडळाच्या निरीक्षकांची एक तक्रार आली. आलापल्लीच्याही आत जंगलात एक गाव होतं, माडिया लोकांचं. तिथली सेविका कामाच्या वेळी केंद्रावर नसते आणि प्रकृतीचं खोटं कारण सांगते, असं त्यांनी लिहिलं होतं. कारण कोणतं, असं कोणीतरी विचारलं तर निरीक्षक आढ्याकडे पाहू लागले. पुन्हा विचारलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. मग तुकड्यातुकड्यानं हकीकत बाहेर आली.

त्या गावाबाहेर एक झोपडी होती, तिला कुर्मा म्हणत. गावातल्या बाया पाळीच्या दिवसांत तिथे जाऊन राहत, आणि पुरुषानं तिच्या आसपासही फिरकायचं नाही असा रिवाज. निरीक्षक गावात गेले की सेविका कुठे आहे म्हणून विचारत, आणि जंगलखात्याचा गार्ड सांगे, कुर्म्यात हाय. पहिल्या खेपेला ते भल्या माणसासारखे मान खाली घालून परतले. पंधरवड्यानं गेले, तर पुन्हा कुर्म्यात. त्यानंतर आठवड्यानं गेले, तरीही कुर्म्यातच. निरीक्षकांना घरी बायको आणि तीन मुली. एवढा हिशोब त्यांना कळत होता.

सभासदांकडे पाहून मला हसू आवरेना. एरवी कुठल्याही विषयावर तासभर बोलणारी ही मंडळी, पण आज एकाच्याही तोंडून तो शब्द निघेना. शेवटी भाऊसाहेब म्हणाले, वहिनींनी स्वतः जाऊन चौकशी करावी आणि अहवाल द्यावा. सोबत ते स्वतःही येणार होते, कारण माडियांत अंधश्रद्धा फार आणि त्यांना चार शब्द सांगणं जरूर होतं.

सेविका सावली गावाकडची, तिशीच्या आतली विधवा. सासरच्यांनी तिला एवढ्याच बोलीवर पाठवलं होतं की नोकरी आहे तोवर राहा, सुटली की घरी ये. घरी म्हणजे पहाटेपासून धान कांडायचं, दिरांची पोरं सांभाळायची आणि वर्षाकाठी मिळतील त्या लुगड्यांत दिवस काढायचे. आम्ही तिला काढली तर तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. हे सगळ्या सभासदांना ठाऊक होतं आणि कोणाचीही झोप त्यानं उडाली नव्हती.

आष्टीला जीप नावेवर चढवून आम्ही नदी ओलांडली आणि मुक्काम करत त्या गावी पोचलो. मंडळाचं केंद्र पाहिलं. वर टिनं, पुढे ओटा, आत शिवणयंत्र. ज्या गावात शिवलेला कपडा कोणाच्या अंगावर नव्हता त्या गावाला शिवणयंत्र पाठवण्याचा ठराव आमचाच होता, आणि त्याला हात वर करणाऱ्यांत मीही होते. यंत्राच्या पाटीवर एक शेळी बसली होती. कोपऱ्यात सेविकेची पत्र्याची ट्रंक होती, विहिरीच्या दोरानं करकचून बांधलेली. दोर ट्रंकेला लावल्यामुळे पाणी ती शेजारणीच्या दोरानं काढत होती. मी विचारलं तर म्हणाली, "हुकूम येनारच हाये, बाई. मंग ऐनवेळी दोर कुठी शोधत बसू?"

तिच्या बोलण्याला धार होती. मला ती पहिल्यांदा उद्धटच वाटली. खोटं कारण का सांगतेस, असं मी जरा अधिकारानं विचारलं. चला, ती म्हणाली, आणि मला कुर्म्याकडे घेऊन गेली.

झोपडी इतकी ठेंगणी की वाकूनच आत जावं लागलं. आत धूर होता आणि चार बाया. एक चटई विणत होती, एक दुसरीच्या उवा पाहत होती, आणि एक थोराड बाई, गावची सुईण, नुसतीच पाय पसरून बसली होती. मंडळाची बाई कुर्म्यात शिरली म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या. भिंतीवर कोळशानं अक्षरं काढलेली होती. नाळ कापायची पाती आधी पाण्यात उकळायची की नाही, यावर सेविकेचं आणि त्या थोराड बाईचं भांडण आदल्या दिवसापासून चालू होतं, ते मी आल्यावरही थांबलं नाही. सेविकेची माडिया बोली मोडकी होती, पण भांडायला पुरत होती.

तिनं मग सांगितलं. गावात आल्यावर तिचे स्वतःचे दिवस आले तेव्हा गावानं तिलाही इथेच धाडलं. सासरी भोगलं तेच इथेही, म्हणून ती रागानं रडली. रडून झाल्यावर तिनं आजूबाजूला पाहिलं, तर केंद्राकडे कधी न फिरकलेल्या बाया इथे निवांत गप्पा मारत बसलेल्या. त्यानंतर ती रोजच येऊ लागली.

"केंद्रात बाई आली तं तिचं अर्धं ध्यान चुलीपाशी अन् अर्धं मोहाच्या झाडाखाली राह्यते," ती म्हणाली. "इथी त्याईले कोनी हाक मारत नाई. बाई रिकामी भेटन अशी दुसरी जागा मले दाखवा, मी तिथी शिकवतो."

बाहेर झाडाखाली भाऊसाहेबांचं अंधश्रद्धेवरचं भाषण ऐकू येत होतं. गार्ड त्याचं भाषांतर करत होता. भाऊसाहेबांच्या लांबलचक वाक्याचे त्याच्या तोंडून दोनच शब्द होत. समोर बसलेली माणसं माना डोलवत होती.

कुर्म्यातून निघाल्यावर गावच्या रिवाजाप्रमाणे मी नाल्यावर अंघोळ केली, सेविकेचं लुगडं नेसले आणि मग गावात आले. पाणी असं गार की दात वाजत होते. गावानं मला लगेच आपल्यात घेतलं, जेवायला वाढलं. भाऊसाहेबांचं मात्र समाधान होईना. परतताना जीपच्या पुढच्या सीटवर त्यांची पूजेची पेटी होती. त्यांनी ड्रायव्हरकरवी मला निरोप दिला की वहिनींना मागे ऐसपैस बसता येईल. ऐसपैस म्हणजे स्टेपनी आणि पेट्रोलचे डबे यांच्या मधोमध. चांद्यापर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली. वाटेत ते मागे न वळता मला सांगत होते की या लोकांना शहाणं करायला अजून दोन पिढ्या लागतील.

घरी आले तर पाहुणे. स्वयंपाक, पंगती, पोरांचे ताप. अहवाल लिहायला बसावं तर कोणीतरी हाक मारी. सभा जवळ येत चालली आणि माझ्या हातून एक ओळ उतरेना. तेवढ्यात माझे दिवस आले. आमच्याकडेही रीत होतीच. मागल्या पडवीत पोतं अंथरून बसायचं, ताट दुरून सरकवलं जायचं. पहिल्या दिवशी दुपारी मी पाहिलं, माझे दोन्ही हात मांडीवर रिकामे पडले होते. कितीतरी दिवसांनी.

मी दौत मागितली. सासूबाई म्हणाल्या, "अशा दिवसांत सरस्वतीले शिवतेस?" हा सरकारी कागद आहे, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "सरकारी कागदात सरस्वती कायची," असं म्हणून त्यांनी काठीनं दौत माझ्याकडे ढकलली. त्या पडवीत मी सगळा अहवाल लिहून काढला.

सभेत भाऊसाहेबांनी तो स्वतः वाचला. पान उलटताना बोट जिभेला लावायची त्यांना सवय होती. प्रत्येक पानाला बोट जिभेला, जिभेवरून कागदाला. कुर्मा हा शब्द आला की ते खोकत आणि पुढच्या ओळीवर जात. सेविकेला काढावं की ठेवावं याविषयी कोणी बोलेना. शेवटल्या पानाशी येऊन ते थांबले आणि बोट वर नेत त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"वहिनी, घरी येवढे पाहुने असताना हे लिवाले तुमाले वेळ कवा भेटला?"

मला तो प्रश्न टाळता आला असता. पण मला डोळ्यांपुढे ती बांधलेली ट्रंक दिसली.

"मी बाहेर बसले होते, भाऊसाहेब," मी म्हणाले. "त्याच दिवसांत बाईचे हात रिकामे असतात. त्या सेविकेनं हे ओळखलं, आणि त्यासाठी आपण तिला काढायला निघालो आहोत."

त्यांचं बोट ओठांपाशी पोचलं होतं, ते तिथेच राहिलं. निरीक्षक आढ्याकडे पाहू लागले. या खेपेला बाकीचे सभासदही आढ्याकडे पाहत होते. भाऊसाहेबांनी अहवाल टेबलावर ठेवला, नुसता ठेवला नाही, सोडला, आणि पुढचा विषय घ्या असं म्हणाले. चिटणीस नवखे होते. ठराव काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

मग भाऊसाहेबांनी सांगितलं की लिहा, तक्रार निकालात काढली, सेविकेला कायम करावं, आणि तिनं गावातल्या महिलांना त्यांच्या सवडीच्या जागी शिकवावं. एकमतानं मंजूर. इतक्या झटपट मंजूर झालेला ठराव मी त्या मंडळात दुसरा पाहिला नाही. भाऊसाहेब उठून हात धुऊन आले, आणि त्यांचा चहा तसाच राहिला.

पुढच्या दौऱ्यात ठरावाची नक्कल मी स्वतः घेऊन गेले. सेविकेनं ओट्यावर बसून ती वाचली. सवडीची जागा म्हणजे कोणती, तिनं विचारलं. मी कुर्म्याकडे बोट केलं. ती इतकी हसली की शेळी उठून पळाली. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती तोंड फिरवून आत गेली. मी मागोमाग गेले तर ती ट्रंकेशी गुडघे टेकून गाठ सोडवत होती. गाठ घट्ट बसली होती, शेवटी तिनं दातांनी ओढून सोडवली. दोर खांद्यावर टाकून ती विहिरीकडे निघाली आणि म्हणाली, "बसा बाई, आता आपल्या दोरानं पानी आनतो."