जोर्वेकर सरांची सही

नेवासा तहसील कचेरीसमोर इस्त्रीवाल्याने कोळसा पेटवला, की त्या धुराच्या वासासरशी मला कैलासवासी जोर्वेकर सर आठवतात.

मी तिथला अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारा. एका दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या स्वागतासाठी सरांच्या शाळेची मुले उन्हात उभी केली, याविरुद्ध त्यांनी साप्ताहिकात लिहिले होते. संस्थेने माफीनामा किंवा राजीनामा मागितला होता. मी माफीनामा अत्यंत भारदस्त भाषेत सिद्ध केला आणि अर्जनवीसांच्या रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला.

सर म्हणाले, "सध्या एक चेक कादंबरी वाचतोय. रशियाचे रणगाडे प्राग शहरात घुसतात. तिथल्या एका मास्तराला सांगतात, लिहिलेलं मागं घे. तो सही करत नाही. शाळेतली नोकरी जाते, मग बॉयलरमध्ये कोळसा टाकत बसतो."

"त्याला माझ्यासारखा अर्जनवीस भेटला नसावा," मी अभिमानाने म्हणालो.

बाकावरचा एक शेतकरी हसला. "करा सही, सर. आपल्याकडं बॉयलर हाय त्यो साखर कारखान्यात, अन् तिथला चेअरमनबी तुमचा त्यो अध्यक्षच!"

सरही हसले. नंतर रिवाजानुसार "ऐकले, समजले, मान्य आहे" असे उच्चारून त्यांनी सही केली. त्या वेळी मला तो माझ्या लेखणीचा विजय वाटला होता. आज माझी वाक्ये आठवत नाहीत, सरांचा तो खालावलेला आवाज तेवढा ऐकू येतो.

पुढे बसस्थानकावर सर भेटले, तेव्हा मी विचारले, "त्या मास्तराचं शेवटी काय झालं, सर?"

"कुणास ठाऊक," सर म्हणाले. "त्या दिवसानंतर ते पुस्तक मी उघडलंच नाही."