बोरिंगचा लाल रंग

जैनथ गावाकडल्या आमच्या वस्तीतल्या बोरिंगचं पाणी चवीला गोड होतं, याचीच मला जास्त चीड येते. घाण असतं तर थुंकलो तरी असतो! पण गावच्या विहिरीवर आता कुणापुढे ओंजळ धरायची नाही, म्हणून आमची बौद्ध वस्ती त्या बोरिंगवर जीव टाकायची.

माझे दात तेव्हाच तपकिरी झाले होते. शी! आरशात पाहिलं की स्वतःचीच किळस यायची. राखुंडीनं घासघासून हिरड्यांतून रक्त काढलं, तरी डाग तसेच. पुढे विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा कळलं. खोल खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं आणि दात हिरडीच्या आत घडत असतानाच त्यात शिरून बसतं. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळलं तर पाणीच आटतं, ते तिथंच राहतं. असला आतला डाग राखुंडीनं काय जातोय डोंबल!

दुधाचे दात त्यातून बहुतेक वाचतात. धाकटी बहीण हसली की पांढरंशुभ्र दिसायचं. आई म्हणायची, "हिचे तरी चांगले येऊ दे वं माय."

एक दिवस सरकारी जीप आली. दोघं उतरले, बोरिंगला लाल रंग फासला आणि गेले. काऊन, कायले, एक शब्द नाही! पुढं जयंती आली. जयंतीला आमच्याकडे दारं, चौकटी, सगळं निळं होतं. उरलेला रंग आम्ही बोरिंगला लावला. "कशी झ्याक दिसून राह्यली!" म्हणत तेच पाणी पीत राहिलो.

जीप परत आली तोवर बहिणीचे नवे दात आले होते. माझ्यासारखेच, पट्ट्यापट्ट्यांचे. ती तोंडावर हात धरूनच हसायची.

निळी बोरिंग पाहून साहेब भडकले. "लाल रंग कायकू मिटाये? लाल मतलब पीना नै, इत्ता बी नै मालूम?" ते आम्हाला तेव्हा कळलं. ओरडून घसा सुकला तसं साहेबांनी जीपमधलं घरचं पाणी काढलं आणि आमच्यासमोर गटागटा प्यायले.

आई पुढं झाली. बहिणीचा हात बाजूला करून तिनं तिची हनुवटी वर केली.

"साहेब, तुमचा रंग आमी पुसला. आता हा तुमी पुसून दाखवा."

बहिणीला वाटलं, साहेब खरंच पुसणार. तिनं आणखी मोठा आ केला.