नाव अजून विकलेलं नाही

वेबसाइटची नावं विकणं हे माझं काम भालकीजवळच्या आमच्या मेहकरमध्ये मला कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. डोमेन म्हणजे इंटरनेटवरच्या दुकानाचा पत्ता. दरवर्षी थोडे पैसे भरून तो आपल्याकडे ठेवायचा आणि ज्याला हवा असेल त्याला जास्त किमतीला द्यायचा, एवढंच ते असतं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सगळं ऐकून घेऊन एकच विचारलं होतं, "ह्यात कुणाला फसवायचं तर न्हाई न्हवं?" मी नाही म्हणाले, तेव्हा त्यांनी घरात इंटरनेट घेऊ दिलं. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे मला कळतं ते बरोबरच असणार, असं ते धरून चालतात. या विश्वासाचं मला अजूनही ओझं वाटतं आणि बळही येतं.

फसवणूक होते ती बहुतेक वेळा विकणाऱ्याची. लोक ऑनलाइन लिलावात बोली लावतात, जिंकतात आणि पैसे न भरता गप्प होतात. एकाने सांगितलं, बोली पुतण्याने खेळता खेळता लावली. एकाच्या बँकेला सुट्टी होती, ती संपलीच नाही. लिलाव चालवणारे अशा माणसाचं खातं बंद करतात, पण आपले गेलेले आठवडे काही ते परत देत नाहीत.

त्यात माझी स्वतःची भर होती. आमच्याकडे सोयरीक असो की बैल, "बोलणं झालंय" म्हटलं की पुढचा माणूस व्यवहार पक्का समजून चहा पिऊन उठतो. मीही तसंच वागायचे. कुणी "घेतो" म्हणालं की नाव लगेच विक्रीतून काढायचे आणि विचारणाऱ्या बाकीच्यांना विकलं गेल्याचं कळवायचे. बैलाच्या व्यवहारात निदान इसार म्हणून काही रक्कम आधी हातात येते. मी तीही घेत नव्हते. दोनतीन नावं अशी सडल्यावर मी ठरवलं, अर्धी रक्कम ठरल्या दिवसापर्यंत आधी यायला हवी, आणि ती येईपर्यंत नाव विक्रीलाच राहणार. अनोळखी माणसांना हे लिहून पाठवणं सोपं होतं.

मग भालकीच्या आडत दुकानदाराला माझ्याकडचं एक नाव आवडलं. आमच्या भागातल्या तूरडाळीसाठी मी ते घेऊन ठेवलं होतं. अप्पा वर्षानुवर्षं त्याच्याकडेच तूर घालत आले होते. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फीसुद्धा त्याच्याच दुकानातून उचल घेऊन भरली होती. ती तुरीच्या हिशेबात फिटली, पण वेळेला तो उभा राहिला हे खरं. त्याने फोनवर किंमत मान्य केली. त्यानंतर अर्धे पैसे मागितले की दर खेपेला आज गुमास्ता आला नाही, उद्या माल उतरायचाय, असं चाललं. तेवढ्यात औरादकडच्या, डाळ करून विकणाऱ्या बायकांच्या गटाने तेच नाव मागितलं. त्यांची किंमत कमी होती, पण गटाची अध्यक्ष पूर्ण पैसे आधी देते म्हणाली.

फोनवर हे मिटणार नाही, म्हणून मी भालकीला निघाले. अप्पाही बरोबर आले. दुकानदाराने त्यांना गादीवर बसवलं, चहा मागवला आणि माझ्याकडे बघून हसला.

"काय अक्का, वसुलीला आलीस व्हय? तुझं दुकान कुठंय, बोर्ड तरी दाव की."

मी म्हणाले, "दुकान न्हाई, अण्णा. पण नाव माझ्याकडं हाय अन् दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. सोमवारी संध्याकाळपर्यंत अर्धे पैसे आले तर तुमचं. न्हाईतर त्यांना देणार."

"अप्पा, लेकीला लईच शिकवलास की. माझे पैसे काय पळून जायलेत?"

अप्पा बशीतला चहा पीत राहिले. फीची आठवण त्याने काढली नाही, मीच मनात काढत होते. तरी मी सोमवार म्हणाले ते म्हणाले. उठताना त्याला नमस्कार केला, तो मनापासून होता.

बसमध्ये अप्पांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "त्या औरादच्या बाया पैसे देतील?"

"आधी देतो म्हणाल्यात. पण अण्णांनी तुमची तूर न्हाई घेतली तर—"

"तूर माझी हाय. नाव तुझं हाय. तू कामून घाबरायलीस?"

सोमवारी संध्याकाळी खात्यात काही आलं नाही. दिवे लागल्यावर मी औरादला फोन केला. त्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी जमा झाले आणि मी नाव त्यांच्या खात्यावर करून दिलं. दुपारी दुकानदाराचा फोन आला, आता अर्धे पाठवतो म्हणून. नाव गेल्याचं मी सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "अप्पाला सांग, यंदा तूर दुसरीकडं घाल."

मी निरोप जसाच्या तसा अप्पांना सांगितला. एक शब्द गाळला नाही की मऊ केला नाही. त्यांनी मान हलवली आणि टेम्पोवाल्याला उदगीरचं भाडं विचारायला गेले. उदगीरच्या बाजारात तुरीला भाव भालकीपेक्षा थोडा कमीच मिळाला, आणि भाडं जास्त लागलं. ते परत आले त्या संध्याकाळी मी टेम्पोच्या भाड्याचे पैसे त्यांच्यापुढे ठेवले. नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी घेतले, खिशात घातले आणि उद्यापासून पाणी कुठल्या वावराला सोडायचं, ते आईला सांगू लागले.