खंडेनवमीची दोन टोपणं

अंबरनाथला आनंदनगरच्या त्या कारखान्यात संगणकांचं पहिलं नेटवर्क मी टाकलं. छताच्या पत्र्याखाली घामाने निथळत, एकट्याने. विंडोज पंचाण्णव नुकतंच आलं होतं. तेव्हा एकच काळी तार एका संगणकातून दुसऱ्यात अशी ओवत न्यायची पद्धत होती. तारेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागायचा, म्हणजे बोटाच्या पेराएवढं चकचकीत, परदेशी बनावटीचं टोपण. सिग्नल तिथे जिरतो. टोपण नसलं तर तो उलटा फिरतो आणि सगळेच संगणक मुके होतात.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग देखभालीचा करार मुंबईच्या एका कंपनीला गेला. त्याचं वाईट वाटलं नसतं, धंद्यात असं होतं. पण मॅनेजरने अख्ख्या ऑफिससमोर मला सांगितलं, ''उल्हासनगरचा माल शेवटी डुप्लिकेट. आज चालतो, उद्या झोपतो.'' लोक हसले. चहा देणारासुद्धा हसला. मी ग्लास खाली ठेवला आणि निघालो. उल्हासनगरात, विठ्ठलवाडीच्या माझ्या दुकानात पोचेपर्यंत एकच विचार होता. हा शब्द तो ज्या तोंडाने बोलला, त्याच तोंडाने परत गिळेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. बिलिंग बंद, चलनं निघत नाहीत, ट्रक फाटकात उभे. मुंबईचा इंजिनियर पिंग करून दमला होता. पिंग म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारायची. इथे ओ येत नव्हती. त्याने सगळ्या संगणकांचे आयपी पत्ते बदलून पाहिले. त्याचाही दोष नाही. तो नव्या, हबवाल्या जोडणीवर शिकलेला; तिथे टोपणं लागतच नाहीत.

मी फोनवर म्हणालो, ''साहेबांना दुकानात पाठवा.''

मॅनेजर आला. शेजारचा सिंधी कापडवाला गल्ल्यावरून मान काढून म्हणाला, ''साईं, साहेबांना स्टूल देऊ, का ओरिजिनल खुर्ची मागवू?''

मॅनेजर उभाच राहिला. ''किती घेणार ते बोला.''

''पैसे नेहमीचेच. पण आधी शब्द परत घ्यायचा.''

''अहो, ती चेष्टा होती.''

''चेष्टा सगळ्यांसमोर झाली. माघारही सगळ्यांसमोर होईल. नाहीतर ट्रक उभे राहू देत, मला घाई नाही.''

रिक्षा करून आम्ही अंबरनाथला पोचलो. ऑफिसात गेल्यावर तो सगळ्यांसमोर पुटपुटला, ''यांचं काम चांगलं होतं.''

''होतं नाही, आहे. आणि उल्हासनगरचं आहे, तेही म्हणा.''

त्याने म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मग मी तार तपासली. दोन्ही टोकं उघडी. मान वर केली, तर भिंतीवर देवाची फळी. खंडेनवमीला इथे प्रत्येक खातं आपलं हत्यार पूजेला ठेवतं. टर्नरने टूल ठेवलेलं, फिटरने पाना. संगणकवाल्यांकडे हत्यार कुठलं? त्यांनी तारेच्या टोकांची ती चांदीसारखी टोपणं काढून ठेवलेली. दोन्हींवर हळदकुंकू, वर झेंडूची पाकळी.

बोट दाखवलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. मी दाखवलं नाही.

मी पिशवीतून माझी टोपणं काढली. दुकानात बनवलेली. शंभर ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडून, जुन्या कनेक्टरात डाग देऊन बसवलेले. दोन्ही टोकांना लावली आणि पिंग दिलं. पलीकडून लगेच उत्तर आलं. इंजिनियर मनापासून हसला. मॅनेजरने वाकून पाहिलं.

''ओरिजिनल आहेत ना?''

''माझी आहेत,'' मी म्हणालो.

निघताना चप्पल काढून फळीला नमस्कार केला. बिलं पुढे काही वर्षं त्याच तारेवरून निघत राहिली. दरवर्षी खंडेनवमीला त्या परदेशी टोपणांना हळदकुंकू लागत असणार, आणि खाली कारखाना चालत होता माझ्या डुप्लिकेटवर. मॅनेजरला मी हे कधी सांगितलं नाही. पुढे तो बदलापूरला राहायला गेला. कधीतरी उल्हासनगरच्या बाजारात दिसतो, मान हलवतो. मी हलवत नाही.