शेंडी नसलेला नारळ आणि सेंट लुईसचा घोडेस्वार संत

नवस आईचा, गाडी रूथबाईंची आणि दोघींच्या मध्ये दुभाषी मी, अशी आमची सेंट लुईसची सहल निघाली. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेत मिझुरी राज्यात, कोलंबियाला मी पीएचडी करत होतो. हिवाळ्यात कावीळ झाली आणि मला सेंट लुईसच्या हॉस्पिटलात हलवलं. ते कळल्यावर आईने साताऱ्यात बसून त्या गावाच्या संताला नारळाचा नवस बोलला. घरी आल्यावर दोन महिने माझं पथ्यपाणी मात्र घरमालकीण रूथबाईंनी केलं.

उन्हाळ्यात आई आली ती नवस फेडायच्या तयारीने. सुपरमार्केटात नारळ मिळाला, पण तासून गुळगुळीत केलेला. शेंडीशिवाय देवापुढे कसा ठेवायचा, यावर ती दोन दिवस कुरकुरली.

कोलंबियाहून सेव्हन्टी हायवेने सरळ पूर्वेला दोन तास. वाटेत बर्गरशिवाय काही मिळत नाही, तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. संताचा पुतळा टेकडीवर, आर्ट म्युझियमसमोर आहे. पार्किंग फुकट, म्युझियमही फुकट.

आई पुतळा बघून थबकली. “संत, आणि घोड्यावर?”

मी माहितीपत्रक वाचून दाखवलं. तेराव्या शतकातला फ्रान्सचा राजा, भिकाऱ्यांचे पाय स्वतः धुवायचा, धर्मयुद्धाला गेला आणि तिकडेच वारला. पाय धुण्याने तिचं समाधान झालं. तिने चपला काढल्या.

रूथबाई गाडीपाशीच थांबल्या होत्या. बोलवायला गेलो तर शांतपणे म्हणाल्या, “आम्हा ज्यूंचे धर्मग्रंथ त्याने गाड्या भरभरून जाळले. ते तिथे लिहिलंय का?”

लिहिलेलं नव्हतं. एकच माणूस पाय धुतो आणि ग्रंथ जाळतो?

“काय म्हणतायत रे त्या?” आईने लांबून विचारलं.

“पाय दुखतायत म्हणे,” मी ठोकून दिलं.

आईने फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा रूथबाईंपुढे धरला. “त्याचा प्रसाद?” त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनी आईच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि तुकडा तोंडात टाकला. मला फार लाज वाटली.

घरी पोचल्यावर आई गरम पाण्याचं घमेलं घेऊन रूथबाईंसमोर जमिनीवर बसली. त्यांचे पाय पाण्यात घेऊन चोळू लागली. रूथबाई गोंधळल्या. मी इंग्रजीत सगळं कबूल केलं.

त्यांनी आईच्या वाकलेल्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “तिला खरं सांगू नकोस.”

तो राजा संत होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आज दोघीही नाहीत. आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.